प्लस जीएसटी

मंडईत कोथिंबिरीची जुडी वीसवरून पंधरावर आल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही. पाच रुपयांसाठी मी पोवई नाक्यावर भर उन्हात रिक्षावाल्याशी भांडलेली आहे. माहेर आणि सासर धरून माझ्याइतकी हिशेबी बाई झाली नाही, असं माझं स्वतःचं मत आहे. शिवाय मी बी.कॉम. आहे, तेही अकाउंटन्सी घेऊन. एवढी पात्रता अंगात असताना एका पोरगेल्या मुलाने, ज्याला टायची गाठही धड बांधता येत नव्हती, माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पिऊन, मला वर्षाला एकतीस हजार पाचशे सहा रुपयांचं गिऱ्हाईक केलं. फसवून नव्हे. फसवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, चारचौघांत सांगता आलं असतं. त्याने सगळं कागदावर लिहून दिलं होतं. वाचायला चष्माही माझ्या नाकावर होता.

साताऱ्यात राजवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर आमचं दुकान आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पापड, कुरडया, सांडगी मिरची, डिंकाचे लाडू आणि सीझनला दिवाळीचा फराळ. दुकान सुरू केलं सासूबाईंनी आणि गल्ल्यावर आजही त्याच बसतात. मी त्यांना आई म्हणते. आईंची हिशेबाची पद्धत अशी होती : एक लाकडी गल्ला, त्याच्या खालच्या खणात उधारीची वही, बाकी सगळं डोक्यात. त्या वहीत माणसांची नावं नव्हती, खुणा होत्या. ‘निळी स्कूटर, मेतकूट पाव.’ ‘बँकेतले उंच, १४०.’ ‘हिची नणंद, नंतर देते म्हणाली, देणार नाही.’ हे शेवटचं वाक्य माझ्याच वन्संबद्दल होतं आणि ते खरं ठरलं. रात्री आई गल्ला मोजायच्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या आणि म्हणायच्या, “बरोबर आहे.” कशाशी बरोबर, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शेजारच्या बेकरीत मशीन आलं. काचेचा उभा पडदा, त्यावर खारी, टोस्ट, नानकटाईची रंगीत चित्रं. मालकाची सून नुसतं बोट टेकवायची आणि खालून बिल बाहेर यायचं. गल्ला आपोआप उघडायचा, वर एक छोटा ‘टिंग’ असा आवाज. तो टिंग भिंतीतून आमच्याकडे ऐकू यायचा. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तो मोजत बसायची. आमच्याकडे विक्री जास्त होती, आवाज मात्र त्यांच्याकडे होता, आणि ते मला सहन होईना.

मग तो मुलगा आला. खरं म्हणजे मीच फोन करून बोलावला, पण आईंना सांगताना ‘आला’ असं सांगितलं. त्याने बॅगेतून टॅबलेट काढला, मला ‘मॅडम’ म्हणाला आणि विचारलं, “मॅडम, रोज रात्री हिशेब जुळवायला तुम्हाला किती वेळ लागतो?” आई गल्ल्यावरून म्हणाल्या, “काहीच नाही.” त्याला हे उत्तर पाठ केलेल्या उत्तरांत सापडेना, म्हणून तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, “फार वेळ जातो हो.” इथे मी घसरले. हिशेब मी कधी जुळवलेलाच नव्हता.

मशीन बत्तीस हजारांना. त्यात पडदा, प्रिंटर, बारकोड वाचणारी बंदूक आणि लोखंडी गल्ला. त्यावर मी घासाघीस केली आणि एक छपाईच्या कागदाचं खोकं फुकट मिळवलं. त्या विजयाच्या नादात पुढचा कागद उलटला. त्यावर सॉफ्टवेअर होतं.

मंगल कार्यालय ठरवताना जे होतं तेच झालं. हॉलचं भाडं ऐकून आपण खूश होतो. मग भांडी वेगळी, जनरेटर वेगळा, सफाई वेगळी, वरपक्षाच्या खोलीतल्या गाद्या वेगळ्या. फरक एवढाच की लग्न एका दिवसात उरकतं.

बिलं करायचं मूळ सॉफ्टवेअर वर्षाला आठ हजार. “यात काय काय येतं?” असं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, “यात स्टॉकही कळतो ना?” तो म्हणाला, “ते मॉड्यूल वेगळं आहे मॅडम, तीन हजार. पण तुम्हाला पहिलं वर्ष फ्री.” माझ्या मोबाईलवर घरबसल्या विक्री दिसायला हवी असेल तर दुसरं लॉगिन, दीड हजार, पहिलं वर्ष फ्री. गिऱ्हाइकांना पॉइंट द्यायचे असतील तर दोन हजार. पहिलं वर्ष फ्री. बेकरीवाल्यांनी पॉइंटचं घेतलंय का, असं मी हळूच विचारलं. तो म्हणाला, त्यांनी नाही घेतलं. मग मी घेतलं.

“आणि ई-इन्व्हॉइस?”

“ते लागतं का?” मी विचारलं.

“मोठे बिझनेस सगळे घेतात, मॅडम.”

दीड हजार. घेतलं.

बिल मराठीत छापायचं तर बाराशे वेगळे. साताऱ्यातलं दुकान, साताऱ्यातलं गिऱ्हाईक, विकायचं मेतकूट, आणि ‘मेतकूट’ हे मराठीत लिहायचे पैसे वेगळे! इथे तरी मी चवताळून उठायला हवं होतं. पण तो इतक्या सहानुभूतीने म्हणाला, “रीजनल लँग्वेज आहे ना मॅडम, अक्षरं चित्र म्हणून पाठवावी लागतात प्रिंटरला,” की मलाच आपल्या लिपीबद्दल ओशाळल्यासारखं झालं.

प्रत्येक रकमेपुढे बारीक अक्षरांत ‘प्लस जीएसटी’ असं होतं. सॉफ्टवेअरवर अठरा टक्के. मी भुवई उंचावली तर तो हसून म्हणाला, “ते क्रेडिट मिळतंच की तुम्हाला परत.” मीही हसले. दोघांनाही ते ठाऊक असल्यासारखं आम्ही हसलो.

दसऱ्याच्या मुहूर्तावर मशीन बसलं. आईंनी कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तो हार बारकोडच्या बंदुकीच्या लाल उजेडात आला आणि ती सारखी टिकटिकत राहिली. पदार्थांची नावं भरायचं काम कंपनीच्या ऑफिसातून कुणीतरी केलं होतं, नगामागे दर लावून. पाव किलो, अर्धा किलो आणि एक किलो हे तीन वेगळे नग. म्हणजे भाजणी एकच, पण थालीपिठाची, चकलीची आणि उपासाची, प्रत्येकी तीन वजनं, नऊ नग. भरणारा कुठल्या गावचा होता कोण जाणे. पहिलं बिल बाहेर आलं त्यावर ‘मेट कट’ असं होतं. कुरडई ‘कुर्डी’ झाली होती आणि सांडगी मिरची ‘संडे मिरची’. एका गिऱ्हाइकाने खरंच विचारलं, ही फक्त रविवारी मिळते का. दुरुस्तीसाठी फोन केला तर कळलं की एकदा भरलेली यादी बदलायला आपले आपण मोकळे आहोत. त्यांच्याकडून बदलून घ्यायची तर पुन्हा नगामागे दर. मी आणि मंदा रात्री बसून बदलली. मंदा आमच्याकडे पुड्या बांधायला आहे. ती म्हणाली, “वैनी, ह्याच्यापरीस पाटी लिवली आस्ती.”

पण टिंग वाजत होता. भिंतीपलीकडे ऐकू जात असणार, याची मला खात्री होती.

दिवाळी झाल्यावर आमचे सीए दुकानात भाजणी न्यायला आले. माणूस शांत. पैसे दिले, बिल घेतलं, वाचलं आणि जागच्या जागी उभे राहिले. 

“वहिनी, हे सीजीएसटी, एसजीएसटी कुणी छापलं?”

“मशीन छापतं,” मी अभिमानाने म्हटलं.

“तुम्ही कॉम्पोझिशनमध्ये आहात.”

हे वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं, पण मला ते ओझरतंच आठवत होतं. दुकानाच्या दारावर तशी एक पाटी आहे, ती आम्ही तोरणाखाली झाकली गेली तरी कधी हलवली नाही. सीएंनी स्टूल ओढून घेतलं. मग जे काही सांगितलं त्याचा सारांश असा. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या आमच्यासारख्यांना सरकारने सोपा रस्ता दिला आहे : उलाढालीवर एक टक्का भरा आणि मोकळे व्हा. पण मग गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही. बिलावर कर दाखवायचाच नाही. ते ‘टॅक्स इन्व्हॉइस’ नव्हे, ‘बिल ऑफ सप्लाय’. त्याच्या माथ्यावर आपण कॉम्पोझिशनवाले आहोत आणि कर गोळा करू शकत नाही, असं छापायला हवं. मी दसऱ्यापासून ज्याला त्याला उलट सांगत होते आणि त्याखाली पुन्हा ‘धन्यवाद, पुन्हा या’ असं.

“आणि सॉफ्टवेअरवरच्या अठरा टक्क्यांचं क्रेडिट?” मी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

“कॉम्पोझिशनवाल्याला क्रेडिट मिळत नाही. तो तुमचा खर्च.”

“तो मुलगा म्हणाला होता, मिळतं.”

“त्याला मिळत असेल.”

मग त्यांनी मॉड्यूलांची यादी मागितली. ई-इन्व्हॉइसपाशी त्यांचं बोट थांबलं. ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना लागतं, आणि तेही एका धंद्याने दुसऱ्या धंद्याला माल विकला तर. आई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “पाच कोटींची भाजणी? साताऱ्यात दात किती लोकांना आहेत?”

मी विषय बदलावा म्हणून सांगितलं की पुढच्या वर्षी ऑनलाइन दुकानाचं मॉड्यूल घेऊन बंगळुरूला माल पाठवायचा माझा विचार आहे. सीएंनी डोळे मिटले. कॉम्पोझिशनमध्ये राज्याबाहेर माल विकता येत नाही. पुणे, मुंबई, नागपूर, कुठेही पाठवा. सीमा ओलांडली की कॉम्पोझिशन सोडावं लागेल. निघताना त्यांनी शेवटची पुडी सोडली : दोनशे रुपयांच्या आतली खरेदी असेल आणि गिऱ्हाइकाने मागितलं नाही, तर प्रत्येकाला वेगळं बिल द्यायची कायद्याने गरजच नाही, दिवसाअखेर एकत्र नोंद चालते. आमच्याकडे येणारी निम्म्याहून अधिक माणसं पाव किलोवाली. म्हणजे ती सगळी लांबलचक बिलं मी तीन इंची रोलवर हौसेने छापत होते. दोन इंची रोल स्वस्त पडतो, पण तीन इंचीवर दुकानाचं बोधचिन्ह मोठं येतं.

बिलावरचा कर काढला. तेवढं मात्र कंपनीने फुकट करून दिलं. ते सेटिंग म्हणे पहिल्यापासूनच होतं, मी विचारलं नव्हतं.

खरा मोठा फटका मला माझ्या लाघवी स्वभावाने दिला. मशीनमधून व्हॉट्सॲपवर बिल जायची सोय होती. त्यासाठी आगाऊ पैसे भरायचे आणि संदेशागणिक ते कमी होत जायचे. बिलासारखा कामाचा संदेश वीस पैशांच्या आतला, काही वाटत नाही. मला ते बिल कोरडं वाटलं. माणसाला नुसता आकडा काय पाठवायचा? म्हणून मी त्याखाली एक ओळ घातली : ‘आपणांस संक्रांतीच्या शुभेच्छा! तिळाच्या वड्यांवर १० टक्के सूट.’  पण ‘सूट’ म्हटलं की तो संदेश जाहिरातीचा होतो आणि जाहिरातीचा दर त्याच्या कितीतरी पट, ऐंशी पैशांच्या आसपास. त्यात मी पॉइंटच्या मॉड्यूलमध्ये जमलेल्या झाडून सगळ्या नंबरांना एकदम पाठवलं. त्यात मशीन बसवणारा मुलगा होता, सीए होते, माझा स्वतःचा नंबर होता, आणि बेकरीची सूनही होती. मार्चपर्यंत पुरायचे पैसे संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी संपले. त्यानंतर ज्यांनी खरोखर खरेदी केली त्यांना बिल गेलंच नाही. बेकरीची सून मात्र येऊन वड्या घेऊन गेली, दहा टक्के सूट मागून.

बारीकसारीक तर विचारूच नका. पैसे आले की मोठ्याने बोलणारा डबा, त्याचं महिन्याला सव्वाशे रुपये भाडं. यूपीआय फुकट आहे असं आपण म्हणतो ते खरं आहे. बँक खात्यातून थेट आलेल्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशन नाही. पण पैसे आले हे ऐकण्याचे पैसे पडतात. कार्ड घासायचं यंत्र महिन्याला चारशे, कुणी घासो वा न घासो. घासलंच तर डेबिट कार्डावर निदान रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घालून दिली आहे : आदल्या वर्षीची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्यावर असेल तर ०.९०. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. आमच्याकडे क्रेडिट कार्ड घासलं ते पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी, साठ रुपयांच्या मेतकुटासाठी. आईंनी त्यांना आणखी एक पुडी घ्यायचा आग्रह केला नाही, हे माझ्या आजही लक्षात आहे.

या सगळ्यांवर प्लस जीएसटी आहेच. तो मी आता बोलताना गृहीत धरते, श्वासासारखा.

दुसरं वर्ष लागायची वेळ आली. मुहूर्त आम्ही पंचांगाचा धरला होता, वर्ष मात्र सॉफ्टवेअरने इंग्रजी धरलं. दिवाळी गेल्या वर्षीपेक्षा लवकर आली, त्यामुळे वर्ष संपलं ते नेमकं दिवाळीच्या आधीच्या रविवारी. त्या दिवशी सातारा, कोरेगाव, वाई इथल्या यच्चयावत बायका चकली करायचं ठरवतात. पैसे कार्डातून आपोआप वळते व्हायची सोय मी करून ठेवली होती, म्हणून मी निर्धास्त होते. पण अशी आपोआप वसुली पंधरा हजारांपर्यंतच बिनबोभाट होते. त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी द्यावा लागतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. पहिल्या वर्षी रक्कम पंधराच्या आतच होती. दुसऱ्या वर्षी सगळी ‘फ्री’ मंडळी एकदम भानावर आली. आठ हजार, तीन हजार, दीड, दोन, दीड, बाराशे. सतरा हजार दोनशे. प्लस जीएसटी वीस हजार दोनशे शहाण्णव. ओटीपी गेला यांच्या मोबाईलवर, कारण कार्ड यांचं. बँकेने चोवीस तास आधी कळवलंसुद्धा होतं. यांनी तो संदेश लॉटरीवाल्यांचा समजून पुसून टाकला, आणि त्याबद्दल रात्री जेवताना मला सांगून शाबासकीही घेतली.

रविवारी सकाळी साडेदहाला दुकानात पंधरा-वीस बायका. पडद्यावर मधोमध एक नम्र चौकोन आला : आपली योजना संपली आहे, कृपया नूतनीकरण करा. बिल निघेना. आणि बिल निघाल्याशिवाय गल्ला उघडेना. लोखंडी गल्ल्याची वायर प्रिंटरला जोडलेली असते. प्रिंटर छापतो तेव्हाच त्याला उघडायचा इशारा जातो, हे मला त्या दिवशी टेबलाखाली पालथी पडल्यावर दिसलं.

“त्याला किल्ली आसंल की, वैनी,” मंदा म्हणाली.

किल्ली होती. छोटी, चपटी, दोन होत्या. हरवू नयेत म्हणून मी त्या अगदी सुरक्षित जागी ठेवल्या होत्या. गल्ल्याच्या आत.

मी मदत केंद्राला फोन लावला. ध्वनिमुद्रित बाईने रविवारी प्राधान्याने सेवा हवी असल्यास प्रीमियम सपोर्ट घ्या, असं सुचवलं. पुढे बहुधा प्लस जीएसटीही म्हणाली असेल, मी ऐकायला थांबले नाही. वर मान केली तर आईंनी पडद्यावर एक जुना टॉवेल टाकला होता, कमरेच्या बटव्यातून सुटे काढले होते आणि तोंडी हिशेब सुरू केला होता. “चकलीची एक किलो, अनारशाचं अर्धा, मेतकूट पाव. नोटा पुढे करा, मागच्यांनी ढकलू नका.” एका बाईने बिल मागितलं. आईंनी भाजणीच्या रिकाम्या पिशवीवर पेनाने लिहून दिलं, खाली सही केली. ती पिशवी त्या बाईने नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. माझ्या तीन इंची बिलांची चुरगळून कशी गोळी होते, हे मी वर्षभर पाहिलं होतं.

त्या रात्री ओटीपी, पैसे, सगळं भरून झाल्यावर मला झोप येईना. मोबाईलवर गल्ल्याच्या यंत्राची कुळकथा वाचत बसले. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे. तिथे जेम्स रिटी नावाचा एक गुत्तेवाला होता. नोकर गल्ल्यातून पैसे लांबवतात म्हणून तो वैतागलेला. जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहून त्याला कल्पना सुचली असं सांगतात, आणि १८७९ साली त्याने भावाबरोबर विक्री नोंदवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला नाव दिलं ‘भ्रष्ट न होणारा रोखपाल’ अशा अर्थाचं. यंत्र चांगलं, पण रिटीला काही धंदा जमला नाही, त्याने विकून टाकलं. पुढे जॉन पॅटरसन नावाच्या माणसाने तो धंदा घेऊन १८८४ मध्ये नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी काढली. हा पॅटरसन खरा आमच्या ओळखीचा. विक्रेत्याने गिऱ्हाइकापुढे काय बोलायचं, ते त्याच्या कंपनीत छापून दिलेलं असे आणि विक्रेत्यांना ते पाठ करावं लागे. तेव्हा ‘मॅडम, रोज रात्री हिशेब जुळवायला किती वेळ लागतो’ हे वाक्य एका जुन्या घराण्यातलं होतं. त्या घराण्यापुढे साताऱ्याची बी.कॉम. किती टिकणार?

रिटीचं यंत्र एकदा विकत घेतलं की घेतलं. माझा पडदा माझा, प्रिंटर माझा, गल्ला तर निखालस माझा, आतल्या किल्ल्यांसकट. पण त्यांना जे हलवतं ते मी भाड्याने आणलेलं. मी पेन्सिल घेतली. सॉफ्टवेअर वीस हजार दोनशे शहाण्णव. बोलका डबा आणि कार्डाचं यंत्र मिळून, जीएसटी धरून, वर्षाचे सात हजार चारशे चौतीस. मशीनच्या देखभालीचा करार तीन हजार दोनशे, जीएसटीसह तीन हजार सातशे शहात्तर. बेरीज एकतीस हजार पाचशे सहा. मशीन होतं बत्तीस हजारांचं. म्हणजे इथून पुढे दर दिवाळीला आम्ही जवळजवळ एक नवं मशीन विकत घेणार होतो आणि ते दुकानात येणार नव्हतं. यात कागदाचे रोल धरलेले नाहीत. शुभेच्छाही नाहीत.

दिवाळी आटोपल्यावर मी जाहीर केलं की मशीन काढून टाकायचं. बेकरीच्या देखत काढायचं, मला चालेल.

“काढायचं कशाला?” आई म्हणाल्या.

मला वाटलं, टोमणा आहे. तो नव्हता. आई दुपारी दुकान शांत असताना मशीनशी काहीतरी करत असतात, हे मला दिसत होतं. मला वाटे, पडदा पुसतात. त्यांनी मला स्टॉकचा तक्ता उघडून दाखवला, थरथरत्या बोटाने पण न चुकता. डिंकाचे लाडू. केलेले नग, विकलेले नग, आणि शिल्लक. शिल्लक दर संध्याकाळी दोनने कमी येत होती.

“इतकी वर्षं मला वाटायचं, मंदा पुडीत जास्त घालते,” आई म्हणाल्या. “बोलले नाही कधी तिला. पण मनात असायचं. मंदा मे महिन्यात दोन आठवडे गावी गेली, तेव्हाही दोन कमीच. आणि हा ऑफिसच्या कामाला नागपूरला गेला, त्या आठवड्यात बरोबर.”

‘हा’ म्हणजे त्यांचा मुलगा. माझा नवरा. डॉक्टरांनी गोड बंद केलेला. रिटीने नोकरांसाठी शोधलेल्या यंत्राने मालकाचा मुलगा पकडला होता. 

“पण या मशीनला सगळं कळतं असं नाही हं,” त्या पुढे म्हणाल्या. “अनारशाच्या पिठाला लाल खूण करून ठेवलीये, खपत नाही, काढून टाका म्हणून. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे, जावयांना अनारसे लागतील, हे त्याला कोण सांगणार?”

मुलाला बोलावलं. या वेळी तो खरंच ‘आला’. आईंनीच माझ्या फोनवरून बोलावला. टाय नव्हता, बढती झाली असावी. आईंनी त्याला चहा दिला, लाडू दिला, लाडवाची मशीनमध्ये नोंद केली आणि एकेक मॉड्यूल घेऊन एकच प्रश्न विचारत गेल्या : “याने माझी भाजणी पाव किलो तरी जास्त खपली का?”

ई-इन्व्हॉइस गेलं. पॉइंट गेले, आईंचं म्हणणं, नेहमीच्या गिऱ्हाइकाला मी मूठभर जास्त घालते, तेच पॉइंट. माझं मोबाईलवरचं लॉगिन गेलं, कारण मी दुकानातच असते आणि घरी असले तर मला विक्री कळायची गरज नाही. इथे माझं मत कुणी विचारलं नाही. कार्डाचं यंत्र ज्या बँकेचं, तिला परत. बोलका डबा राहू दे, त्या म्हणाल्या, मला कमी ऐकू येतं. स्टॉक तर राहणारच. मराठीच्या बाराशेंपाशी त्या थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “बाळ, तुझं शिक्षण कशात झालं?”

“मराठी मीडियम, आजी. कोरेगावला.”

पुढे त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं पाहत राहिल्या. मुलाने बाराशेवर काट मारली.

अकरा हजार. प्लस जीएसटी बारा हजार नऊशे ऐंशी. मुलगा म्हणाला, आता पंधराच्या आत आलं, ओटीपीची भानगडच नाही, आपोआप जातील. “अजिबात नाही,” आई म्हणाल्या. “दर वर्षी येऊन मागायचे. समोर बसून.” गल्ल्याची एक किल्ली त्यांनी तोवर बटव्यात टाकलेली होती.

मी माझ्या कोपऱ्यात बसून कुरडया मोजत होते. मुलगा बॅग आवरून उठला. दारात पोचला तेवढ्यात आईंनी हाक मारली.

“अरे, ते बेकरीवाल्यांनी नवीन बसवलंय ना, गिऱ्हाइकाकडे तोंड असलेला दुसरा पडदा. आकडे मोठे दिसतात त्यावर. त्याचे किती?”

मुलाचा चेहरा उजळला. “तो तुम्हाला पहिलं वर्ष फ्री, आजी.”

मी तोंड उघडलं, पण आईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

“बस,” त्या त्याला म्हणाल्या. “आता दुसऱ्या वर्षापासून सांग.”